विद्यापीठाच्या वेबसाइटला आपलं किती कळावं?

जबलपूर शहराच्या पूर्वेकडचं खमरिया बाहेरच्या लोकांना माहीत असतं ते आयुध निर्माणीमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला हा दारूगोळ्याचा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. पण खमरिया पोस्ट, पिनकोड ४८२००५, हा पत्ता एका शिक्षणसंस्थेचाही आहे. डुमना विमानतळाच्या रस्त्यावर २००५ साली सुरू झालेल्या पंडित द्वारकाप्रसाद मिश्र भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्थेला २०१४ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. शहरात १९५६ साली स्थापन झालेलं आणि पुढे राणी दुर्गावतींचं नाव मिळालेलं विद्यापीठ आहे, १९६४ सालचं कृषी विद्यापीठ आहे, २००९ सालचं पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. खमरियाच्या वसाहतीत वाढणाऱ्या मुलाची, मग ते मराठी घरातलं असो की हिंदी, या संस्थांशी पहिली गाठ पडते ती वेबसाइटवर. प्रवेशाची सूचना, शुल्काचा तक्ता, परीक्षेचा अर्ज, प्रवेशपत्र, निकाल, सगळं तिथंच. मुलगा किंवा मुलगी विद्यापीठाची माहिती वाचत असते, तेव्हा विद्यापीठाची वेबसाइटही तिची काही माहिती टिपून घेत असते. यातली थोडी नोंद आवश्यक आहे, हे आधीच मान्य करायला हवं. प्रश्न आहे तो या नोंदीची हद्द कुठं संपते याचा. माझं म्हणणं असं की ती हद्द विद्यापीठाच्या स्वतःच्या कामापाशी संपते. त्या कामासाठी लागत नाही ती माहिती विद्यापीठानं घेऊ नये, आणि बाहेरच्या कंपनीला तर आपल्या पानावर बसून ती मुळीच घेऊ देऊ नये.

आधी आवश्यक नोंद कोणती ते पाहू. ब्राउझर कुठलंही पान मागवतो तेव्हा सर्व्हर त्या मागणीची एक ओळ आपल्या लॉगमध्ये लिहितो. मागणी कुठल्या आयपी पत्त्यावरून आली, कोणत्या तारखेला, किती वाजून किती सेकंदांनी, कोणतं पान किंवा कोणती पीडीएफ मागितली, ती मिळाली की ‘४०४’ असं उत्तर गेलं, ब्राउझर कोणता, फोन अँड्रॉइड की आयफोन, आणि बहुतेक वेळा आधी कोणत्या साइटवरून इकडे येणं झालं, एवढं त्या एका ओळीत मावतं. त्यात नाव नसतं. निकालाच्या दिवशी सर्व्हर का कोसळला, कोणी एकाच पत्त्यावरून हजारो वेळा लॉगिनचा प्रयत्न करतंय का, हे या ओळींवरूनच कळतं. देशाची सायबर सुरक्षा पाहणाऱ्या ‘सर्ट-इन’ या सरकारी यंत्रणेनं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत असे लॉग १८० दिवस जपून ठेवायला सांगितलं आहे. त्यामुळे ‘वेबसाइटनं काहीच नोंदवू नये’ ही मागणी व्यवहारातही बसत नाही आणि नियमातही. मात्र सुरक्षेसाठी ठेवलेला लॉग सुरक्षेसाठीच वापरला जातो का आणि मुदत संपल्यावर तो पुसला जातो का, हे विचारण्याचा अधिकार पान उघडणाऱ्या प्रत्येकाला असला पाहिजे.

दुसरी आवश्यक गोष्ट म्हणजे कुकी, निदान तिचा एक प्रकार. वेबची मूळ रचना विसराळू आहे. एक पान देऊन झालं की पुढचं पान मागणारा तोच माणूस आहे, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी यावर तोडगा काढला. सर्व्हरनं ब्राउझरला अक्षरं-आकड्यांची एक छोटी खूण द्यायची, ब्राउझरनं ती साठवायची आणि त्या साइटकडे जाणाऱ्या पुढच्या प्रत्येक मागणीसोबत परत दाखवायची. ही खूण म्हणजे कुकी. परीक्षेचा अर्ज चार पानांचा असेल आणि पहिल्या पानावर भरलेला विषय चौथ्या पानापर्यंत टिकत असेल, तर ते या खुणेमुळे. ‘पीएचपीसेसआयडी’ किंवा ‘जेसेशनआयडी’ अशा नावांच्या या कुकी सहसा त्या भेटीपुरत्या असतात आणि लॉगआउट केलं की निकामी होतात. मध्य प्रदेशात याला एक व्यवहारी बाजू आहे. इथले असंख्य विद्यार्थी अर्ज भरतात ते राज्य सरकार आणि टाटा कन्सल्टन्सी यांच्या भागीदारीतल्या एमपी ऑनलाइनच्या कियॉस्कवर, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातल्या सगळ्यांच्या संगणकावर. तिथं लॉगआउट न करता उठलं तर खूण ब्राउझरमध्येच राहते आणि पुढच्या गिऱ्हाइकासमोर आपला अर्ज उघडा पडू शकतो. म्हणून थोड्या वेळानं आपोआप संपणारी आणि फक्त सुरक्षित जोडणीवरूनच जाणारी कुकी देणं हे विद्यापीठाचं तांत्रिक कर्तव्य ठरतं. कुकी मुळात वाईट नाही. ती कोण देतं, किती दिवसांसाठी देतं आणि तिच्यावरची माहिती कुठं जाते, यावर तिचं बरंवाईट ठरतं.

खरी अडचण सुरू होते ती तिसऱ्या पक्षापासून. विद्यापीठाचं मुख्य पान एकसंध दिसत असलं तरी त्याचे तुकडे बरेचदा वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. दीक्षान्त समारंभाचा व्हिडिओ यूट्यूबवरून, परिसराचा नकाशा गूगल मॅप्सवरून, बातम्यांची पट्टी फेसबुकवरून, कधी तर देवनागरी अक्षरांचा फाँटसुद्धा गूगलच्या सर्व्हरवरून. असा प्रत्येक तुकडा मागवताना वाचकाचा आयपी पत्ता आणि कोणत्या साइटवरून मागणी आली ही माहिती त्या कंपनीपर्यंत पोचते. तिची कुकी ब्राउझरमध्ये आधीच असेल आणि ब्राउझर अडवत नसेल, तर हाच फोन काल आणखी कुठं फिरत होता, हेही ती जोडू शकते. फाँटचं उदाहरण क्षुल्लक वाटेल. पण जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयानं एका वेबसाइटला नेमक्या याच कारणासाठी १०० युरोंची भरपाई द्यायला लावली. वाचकाचा आयपी पत्ता त्याला न विचारता गूगलकडे गेला आणि हाच फाँट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता आला असता, एवढाच तो मुद्दा होता. व्हिडिओ आणि नकाशा निदान डोळ्यांना दिसतात. मोजणीची स्क्रिप्ट दिसतही नाही. २००५ पासून फुकट मिळणारी गूगल ॲनालिटिक्स ही त्यातली सर्वांत परिचित. तिची ‘_जीए’ नावाची कुकी मूळ मांडणीत २ वर्षांसाठी असते. क्रोम ब्राउझर आता कुठलीही कुकी ४०० दिवसांपलीकडे ठेवत नाही, सफारी तर स्क्रिप्टनं ठेवलेल्या कुकीला साधारण ७ दिवसच देतो. म्हणजे ब्राउझर बनवणाऱ्यांनाही ही मुदत जास्त वाटली.

‘यात नाव कुठं आहे? सगळं निनावीच तर असतं,’ हा यावरचा पहिला आक्षेप. तो अगदीच खोटा नाही. नव्या ॲनालिटिक्समध्ये आयपी पत्ता साठवत नाही, असं गूगल सांगतं. पण निनावीपण किती पातळ असतं, हे निकालाच्या पानावरूनच पाहावं. पुष्कळ जुन्या प्रणालींमध्ये रोल नंबर टाकून बटण दाबलं की तो नंबर पानाच्या पत्त्यातच, प्रश्नचिन्हाच्या पुढे, दिसू लागतो. मोजणीची स्क्रिप्ट त्या पानावर असेल आणि कुणी मुद्दाम काळजी घेतली नसेल, तर ती सगळा पत्ता उचलून पाठवते, रोल नंबरसकट. त्या क्षणी निनावी खूण एका ठरावीक विद्यार्थ्याची होते. गूगलच्या स्वतःच्या अटीही अशी ओळख पटवणारी माहिती पाठवायला मनाई करतात. तरी ती जाऊ न देण्याची जबाबदारी अखेर स्क्रिप्ट लावणाऱ्यावरच, म्हणजे विद्यापीठावर येते. आयपी पत्त्याबद्दल युरोपीय महासंघाच्या न्यायालयानं २०१६ सालीच ब्रेयर खटल्यात सांगितलं होतं की बदलता आयपी पत्तासुद्धा, त्यामागचा माणूस शोधण्याचा कायदेशीर मार्ग हाती असेल तर, वैयक्तिक माहितीत मोडतो. शिवाय नाव नसलं तरी वाचलेली पानं बरंच काही बोलतात. शुल्कमाफीची अट, राखीव जागांचे नियम, अपंगांसाठीच्या सवलती, नापासांसाठी पुरवणी परीक्षा, समुपदेशन कक्षाची वेळ, रॅगिंगविरुद्ध तक्रारीचा अर्ज अशी पानं उघडणारं मूल स्वतःची अडचण सांगत असतं. विद्यापीठाला ती कळणं एक वेळ समजू शकतं. जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीला ती कळण्याचं काहीच कारण नाही.

दुसरा आक्षेप संमतीचा. ‘खाली पट्टी येते, माणूस ‘स्वीकारा’वर बोट ठेवतो, मग तक्रार कसली?’ पण अशी संमती किती पोकळ असू शकते हे युरोपनं तपासून पाहिलं आहे. आधीच टिक केलेला चौकोन ही संमती नव्हे, असा निकाल १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट-४९ खटल्यात लागला. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगानं गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला, कारण होकार एका क्लिकमध्ये देता येत होता आणि नकाराला मात्र अनेक क्लिक लागत होते. विद्यापीठाच्या बाबतीत तर संमतीचा प्रश्न याहून टोकदार आहे. एका दुकानाची वेबसाइट आवडली नाही तर माणूस दुसऱ्या दुकानात जातो. राणी दुर्गावती विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला त्याचा निकाल दुसरं विद्यापीठ दाखवू शकत नाही. जिथं नाही म्हणून निघून जाण्याची सोयच नाही, तिथं घेतलेल्या होकाराला फारसा अर्थ उरत नाही. म्हणूनच सार्वजनिक विद्यापीठाचा मापदंड दुकानापेक्षा कडक हवा. विश्वासानं आलेल्या मुलाची राखण ज्यानं करायची त्यानंच बाहेरच्याला वाट करून दिली, तर ते कुंपणानं शेत खाण्यासारखं आहे.

आपला कायदाही याच दिशेनं सरकला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, आणि बहुतेक मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत आहे. म्हणजे २०२७ च्या मेपर्यंत तयारीला वेळ आहे. या कायद्यानुसार संमती मोकळेपणानं दिलेली, नेमक्या कामापुरती, माहितीनिशी आणि बिनशर्त असावी लागते, आणि ती त्या कामाला आवश्यक असलेल्या माहितीपुरतीच चालते. कायद्यानं स्वतःच दाखला दिला आहे: दूरवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपनं फोनमधली संपर्क-यादीही मागितली आणि कुणी होकार दिला, तरी त्या यादीपुरता होकार धरला जात नाही, कारण सल्ल्याला तिची गरज नाही. हाच न्याय निकालाच्या पानाला लावला, तर निकाल पाहण्यासाठी जाहिरात कंपनीची कुकी लागत नाही, हे वेगळं सांगायला नको. खमरियातल्या मराठी घरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. संमतीची विनंती आणि तिच्यासोबतची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. त्यात हिंदी आहे आणि मराठीही आहे.

यातली मुलांविषयीची तरतूद विद्यापीठांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. कायद्यानं मूल म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती. मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं याला बंदी आहे. मुलांविषयीच्या या बंधनांचा भंग झाला तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आता बारावीत शिकणारी, जेईई मेन देऊन डुमना रस्त्यावरच्या संस्थेतल्या जागा शोधणारी मुलगी किती वर्षांची असते? बहुधा १७. म्हणजे विद्यापीठांच्या प्रवेशाच्या पानावर येणाऱ्यांत कायद्यानं ‘मूल’ असलेल्यांची गर्दी असते, आणि ते विद्यापीठाला पक्कं ठाऊक असतं. शिक्षणसंस्थांना नियमांनी सवलत दिली आहे हे खरं, पण ती संस्थेच्या शैक्षणिक कामापुरती आणि तिथं शिकणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेपुरती. जाहिरातीसाठी मुलांचा माग काढणाऱ्या पिक्सेलला, म्हणजे पानात दडवलेल्या न दिसणाऱ्या तुकड्याला, तिचा आडोसा घेता येणार नाही. सरकारी संस्थांना प्रमाणपत्र किंवा सेवा देताना काही बाबतींत संमतीशिवायही माहिती वापरता येते, असंही कुणी म्हणेल. तेही खरं, पण तिथंही आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी हे बंधन नियमांनी घातलेलं आहे. सवलत कामाला आहे, सवयीला नाही.

उरतो तो व्यवहाराचा आक्षेप, आणि तो प्रामाणिक आहे. किती लोक येतात, कोणतं पान सापडत नाही, मोबाइलवर अर्ज कुठं अडतो, हे मोजल्याशिवाय वेबसाइट सुधारणार कशी? आधीच तोकड्या मनुष्यबळावर चालणाऱ्या संगणक विभागांनी हे कधी करायचं? मोजणी जरूर करावी. पण मोजणं आणि माग काढणं यात फरक आहे. २००७ साली पिविक नावानं सुरू झालेली आणि आता मटोमो म्हणून ओळखली जाणारी मुक्त प्रणाली विद्यापीठाच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसते, आकडे घरातच राहतात, आणि हवं तर ती कुकीशिवायही चालते. सर्व्हरचे लॉग तर हाताशी असतातच. कोणती पीडीएफ किती वेळा उतरवली गेली, ‘४०४’ कुठं आलं, हे त्यांतून कुणालाही न विचारता कळतं. खर्चाचं म्हणाल तर यातली बरीच कामं काढून टाकण्याची आहेत, जोडण्याची नाहीत. फाँट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणं, व्हिडिओ वाचकानं बटण दाबल्यावरच आणणं, नकाशाच्या जागी चित्र आणि दुवा देणं, जुन्या मोहिमेचा विसरलेला पिक्सेल उपटून टाकणं, रोल नंबर पत्त्यातून हटवणं, हे काही आठवड्यांचं काम आहे. ‘गूगलला आपलं सगळं आधीच ठाऊक आहे, आणखी थोडं गेलं तर काय बिघडलं?’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की दुसऱ्यानं आधी काय घेतलं यावरून आपण काय द्यावं हे ठरत नाही. त्यातून गूगलनं क्रोममधल्या तिसऱ्या पक्षाच्या कुकी बंद करण्याची २०२० साली दिलेली ग्वाही पुढं ढकलत ढकलत एप्रिल २०२५ मध्ये गुंडाळली. कंपन्या स्वतःहून हात आवरतील या भरवशावर विद्यापीठांना बसून राहता येणार नाही.

हे काम जबलपूरपासून सुरू व्हायला काहीच हरकत नाही. संगणकशास्त्र शिकवणारी राष्ट्रीय संस्था शहराच्या हद्दीत आहे. तिच्या आणि राणी दुर्गावती विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी एका सत्राचा प्रकल्प म्हणून शहरातल्या सगळ्या विद्यापीठांच्या वेबसाइट तपासाव्यात. कोणत्या पानावर कुणाची कुकी आहे, तिची मुदत किती, माहिती कोणत्या सर्व्हरकडे जाते आणि गोपनीयता धोरणात त्यातलं किती लिहिलं आहे, याचा तक्ता कुलसचिवांपुढे ठेवावा. तपासायला मोठी सामग्री लागत नाही. संगणकावर क्रोममध्ये पान उघडून एफ-१२ दाबलं आणि ॲप्लिकेशन या भागातली कुकींची यादी उघडली, की कुकीचं नाव, तिचा मालक आणि तिची मुदत ओळीनं समोर येते. विद्यापीठाच्या नावाऐवजी परक्या कंपनीचं नाव दिसलं, तर ते तिथं कशासाठी आहे हा प्रश्न लेखी विचारावा. सार्वजनिक विद्यापीठाला माहिती अधिकारातही तो विचारता येतो. पालकांनी कियॉस्कवरून उठताना लॉगआउट झाल्याची खात्री करावी आणि मुलांनाही ती सवय लावावी. आणि विद्यापीठांनी २०२७ च्या मेची वाट पाहू नये. येत्या प्रवेशहंगामाआधी परक्या स्क्रिप्ट काढाव्यात आणि आपण काय नोंदवतो, कशासाठी, किती दिवस, हे हिंदीत आणि मराठीत एका पानावर साध्या शब्दांत लिहून मुख्य पानावरून त्याचा दुवा द्यावा. ज्या नोंदीचं कारण त्या पानावर सरळ लिहिता येत नाही, ती नोंद बंद करावी.